कॉर्नफ्लेक्सचे नऊ शिलेदार व फ्युर्थची खुर्ची

श्री कुलस्वामिनी प्रसन्न. शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सर, आश्विन मास, टोपीकरांच्या गणतीने सन दोन हजार सात, ते समयी राजश्री शरदचंद्रपंत यांनी बव्हेरिया प्रांती न्युरेम्बर्ग मुक्कामी राहून जी थोर मोहीम केली, तिचे साद्यंत वर्तमान येथे लिहून ठेविले आहे. लिहिण्यास कारण की, कोथरुडात पंतांचे चुलते, मावसभाऊ आणि खालच्या मजल्यावरची मंडळी ऐसी बोलो लागली कीं, शरद एवढा शिकला, साता समुद्रांपलीकडे गेला, आणि तेथे बसून नाश्त्याची खोकी कातरतो. निंदकाचे तोंड कोण धरील? परंतु खोकी कातरणे निराळे आणि खोक्यांवरचे नऊ वीर एके ठायी आणणे निराळे, आणि हा भेद ज्यांस कळत नाही त्यांनी ही हकीकत एकवार वाचावी, ज्यांस कळतो त्यांनी दोनदा वाचावी.

पंतांचा पेशा संगणकास हुकूम लिहून देण्याचा. संगणक ते हुकूम मानी, घरी मात्र कोणी मानीत नसे. सौभाग्यवती शैलाबाईसाहेब घरचा सारा कारभार पाहत, आणि कन्या चिरंजीव अन्वी हिला मराठीत काही पुसले तर ती जर्मन भाषेत जबाब देई आणि वर खांदे उडवी. त्या साली पंतांच्या मातोश्री सरलाबाई तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन पुण्याहून दाखल जाहल्या होत्या, सोबत मेतकूट, भाजणी, सांडगे आणि कुंकवाचा करंडा. वडील गुडघ्याचे निमित्त सांगून मागे राहिले, खरे कारण क्रिकेटची मालिका सुरू होती.

आता खोक्यांवरच्या तसबिरींचे मूळ सांगितले पाहिजे. अमेरिकेत बेसबॉल म्हणोन एक खेळ आहे, तो आपल्या क्रिकेटचाच परदेशी गेलेला पुतण्या, तोंडवळा घरचा आणि वळण सगळे वेगळे. सन साठ-बासष्टचे सुमारास तिकडल्या कॉर्नफ्लेक्सवाल्यांनी हिकमत काढली, कीं खोक्याचे पाठीवर खेळाडूंच्या तसबिरी छापाव्या, भोवती तुटक रेघ आखावी, आणि पोरांनी त्या कातरून घेण्याचे लोभाने आईबापांमागे भुणभुण लावून तो भुसा विकत घेववावा. त्या काळी न्युरेम्बर्गशेजारी फ्युर्थ गावी अमेरिकेच्या फौजेची छावणी होती. छावणीतली पोरे खोकी फोडीत, आणि कुंपणाबाहेरची जर्मन पोरे तसबिरींसाठी तारेतून हात घालीत. मग दिवस पालटले आणि छावणी उठली आणि फौज गेली आणि ती जर्मन पोरे पोट सुटलेली म्हातारी जाहली, परंतु तसबिरींचे वेड काही उतरले नाही. पुठ्ठ्याचे वेड ते, सहजी थोडेच उतरते?

हे म्हातारे दर गुरुवारी सांजवेळी फ्युर्थच्या एका गास्टहाउसात, म्हणजे खाणावळीत, कोपऱ्यातल्या राखीव मेजाभोवती जमत. ऐशा मेजास त्या मुलुखी श्टामटिश म्हणतात. तेथे ज्याची त्याची खुर्ची ठरलेली, आणि खुर्चीच्या पाठीवर नावाची पितळी पट्टी ठोकलेली, आणि दुसरा कोणी चुकून तीवर टेकला तर सारे खोकू लागत. मेजाचे प्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, क्राउस, रेल्वेतले निवृत्त तिकीट-तपासनीस. नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. पाहुण्याकडे पाहिले तरी पाहुण्याचा हात आपोआप खिशाकडे जाई. तयांचा कायदा ऐसा कीं, एका संघाचे, एका सालचे, खोक्यावरून कातरलेले नऊ खेळाडू जो रुजू करील त्यासच खुर्ची मिळेल. बाकीच्यांनी शौचालयाचे दाराशी घडीच्या स्टुलावर बसावे, आणि दार उघडले कीं पाय आवरावे.

पंत पहिल्याने तेथे हाफिसातल्या सोबत्याबरोबर जेवावयास गेले आणि म्हाताऱ्यांचे हाती तसबिरी पाहून जागीच विरघळले. बाळपणी च्युइंगमसोबत मिळणारी क्रिकेटवीरांची चित्रे तयांनी याच जिवाने जमविली होती. तेव्हापासून गुरुवार चुकविला नाही. पण तसबिरींहून मोठी गोष्ट निराळीच होती, आणि ती पंत कोणापाशी बोलत नसत. त्या मुलुखात येऊन सात वर्षे जाहली. हाफिसात गेले नाही तर मेल येई. शेजारी जिन्यात हालो म्हणत आणि दार लावून घेत. परंतु पंत आले नाहीत म्हणोन कोणी वाट पाहिली, ऐसी एकही जागा तेथे नव्हती. श्टामटिशवर मात्र ज्याची खुर्ची तो न आला तर खुर्ची रिकामी दिसे, आणि मंडळी दोनदा दाराकडे पाहून मग बिअर मागवीत. घडीचे स्टूल रिकामे दिसत नाही, ते मिटून भिंतीस लावितात. पंतांस ती रिकामी दिसणारी खुर्ची पाहिजे होती, आणि त्यापायी जीव टांगणीला लागला होता.

सबब मोहीम मांडली. बाजार पालथे घातले, माळे धुंडाळिले, मेलेल्या शिपायांच्या विधवांस कॉफी पाजिली, आणि ऐसे करता करता आठ शिलेदार दस्त जाहले. मग त्यांस प्लास्टिकच्या पाकिटांत घालून, वहीत लावून, वही कपाटात कोंडून किल्ली स्वतःच्या कमरेस लाविली, आणि रोज जेवणानंतर ती बाहेर काढून मऊ फडक्याने पुसण्याचा नेम धरिला. शैलाबाईसाहेब म्हणत, इतक्या मायेने एक दिवस ओटा पुसला असता तर बरे झाले असते. नववा तेवढा सापडेना. तो म्हणजे कॅचर, आपला यष्टिरक्षक म्हणा ना, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून मागे उकिडवा बसणारा. तो नाही तो संघ नाही.

ऐसियास, खंडेनवमीचे आदल्या शनिवारी फ्युर्थच्या फ्लोमार्क्टात, म्हणजे जुन्या बाजारात, सहकुटुंब स्वारी गेली. शैलाबाईसाहेबांचा बाहेरच्या खाण्यावर विश्वास नसल्याकारणे चिवड्याचा मोठा स्टीलचा डबा बरोबर होता. तो पंतांच्या मुंजीत आलेला, झाकणावर 'चि. शरद यांस सुधामावशीकडून सप्रेम भेट' ऐसी अक्षरे कोरलेली. पंत पुढे चालले होते, आणि एका दुकानाशी एकाएकी थबकले ते खांबासारखे उभे. तेथे फ्राउ व्योल्फेल नामे एक वृद्ध बाई बसली होती, आणि तिचे शेजारी कॉर्नफ्लेक्सचे एक जुनाट खोके होते, आणि त्याचे पाठीवर, कात्रीचा स्पर्शही न झालेला, मुखवटा वर सारून हसणारा खासा कॅचर होता.

पंतांनी खोक्याची मागणी घातली. बाईने जबाब दिला कीं खोके विक्रीस नाही. नवरा छावणीच्या मुदपाकखान्यात कामास होता, त्याने ते घरी आणिले, आणि तेव्हापासून नाताळात झाडास लावावयाचे गवताचे तारे त्यातच राहतात. आतले काही तारे विकणे आहेत, पण उरलेल्यांचे घर विकून तारे ठेवू कोठे? पंतांनी रदबदली केली, बाईने मान हलविली. पंतांनी पुन्हा केली, बाईने तारे मोजावयास घेतले. ऐसी कोंडी पडली, आणि पंतांची मुद्रा पाहवेना. तेव्हा मातोश्रींनी सुनेचे हातचा डबा घेतला, त्यावर बोटाने टकटक वाजवून बाईस आवाज ऐकविला, झाकण लावून दाखविले, काढून दाखविले, आणि खुणेने सांगितले कीं यात घर करा, झुरळ शिरले तर नाव बदलीन. बाईस डबा फार पसंत पडला. कोरलेल्या अक्षरांवरून हात फिरवून तिने पुसले, हे काय? पंतांनी सांगितले, नाव आहे. मग तर तिने डबा सोडलाच नाही.

परंतु डबा चिवड्याने काठोकाठ भरलेला, आणि पिशवी जवळ नाही. सबब तेथेच उभ्या उभ्या चिवडा संपविण्याचा हुकूम सुटला. शैलाबाईसाहेब रागारागाने खाऊ लागल्या, अन्वी हसत खाऊ लागली, मातोश्रींनी फ्राउ व्योल्फेलची ओंजळ भरली, आणि शेजारच्या दुकानदारांसही वाटप जाहले. येणेप्रमाणे डबा रिता होऊन तह पुरा जाहला. पंत खोके छातीशी धरून घरी आले, आणि वाटेत कोणी काही बोलले तर त्यांस ऐकू येत नव्हते. घरी येताच स्नान करून कात्री चालविली, आणि सुटा जाहलेला कॅचर सपाट व्हावा म्हणोन जाडजूड जर्मन कोशाखाली दाबून ठेविला.

पुढला आठवडा कामाच्या धबडग्यात गेला आणि खंडेनवमी उजाडली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करितात, हे सर्वांस ठाऊक आहे. पंत भाजी आणावयास बाहेर गेले असता मातोश्रींनी सरंजाम मांडिला. लॅपटॉप, मोटारीची किल्ली, मिक्सर, भोके पाडण्याचे यंत्र, अन्वीची कंपासपेटी, सगळी ओळीने चौरंगावर बसविली. मग तयांचे मनात आले कीं, ज्यास आपला शरद दृष्टीआड होऊ देत नाही आणि रोज पुसतो, ते त्याचे खरे हत्यार, आणि तेच पूजेत नसावे हे कैसे? कपाटास कुलूप होते, म्हणोन आठ जण वाचले. नववा कोशाखाली होता. मातोश्रींनी त्यास अलगद बाहेर काढिले, अक्षता वाहिल्या, आणि कुंकू पाण्यात कालवून अनामिकेने कॅचराचे कपाळी ऐसे ठसठशीत बोट टेकविले कीं, कुंकू पुठ्ठ्यात मुरून पार झाले.

पंत परत आले, चौरंग पाहिला, आणि मेथीची जुडी हातून पडली. कापसाने पुसू गेले तो कुंकू गालावर उतरले, तेव्हा हात आखडता घेतला. मातोश्री कौतुकाने पाहत होत्या, कीं पोर भावनेने भारावला आहे. त्या म्हणाल्या, "नव्या वस्तूला कुंकू नको का लावायला?"

"आई, तुला काही कळतं का? नासवलंस तू सगळं."

इतकेच बोलणे जाहले, पण आईस बोलावयाचे ते नव्हे. मातोश्रींनी करंडा मिटला, पदराने पुसला, आणि बॅगेत अगदी तळाशी लुगड्यांखाली ठेवून दिला. दसऱ्याचे दिवशी श्रीखंड जाहले, ते सर्वांनी खाली मान घालून खाल्ले. सोमवारी मातोश्रींनी सुनेस हळूच पुसले, तिकिटाची तारीख अलीकडे घेता येते काय. शैलाबाईसाहेबांनी हे वर्तमान पंतांस कळविले आणि वर सांगितले, अहो, तुमच्या त्या पुठ्ठ्यासाठी माझा डबा गेला तेव्हा मी गप्प बसले, पण आता आई जायला निघाल्यात, तेव्हा काय ते बघा. पंत म्हणाले बघतो, आणि काही बघितले नाही. माणूस चुकला कीं आधी गप्प बसतो, हा जुनाच रिवाज आहे.

गुरुवारी पंत नऊ शिलेदार घेऊन फ्युर्थास गेले. मनात वेडी आशा ऐसी कीं, गास्टहाउसातला दिवा मंद आहे, क्राउससाहेबांचे वय जाहले आहे, निभावून जाईल. परंतु क्राउससाहेबांनी भिंग काढिले, रूमालाने पुसिले, आणि एकेक शिलेदार तिकिटासारखा उलटसुलट तपासला. आठ तपासून मान डोलविली. नवव्यापाशी भिंग थांबले. हे तांबडे काय म्हणोन पुसले. पंतांनी सांगितले, माझ्या आईने लाविले आहे, आमच्यात मोलाच्या वस्तूस लावितात. क्राउससाहेबांनी ऐकून घेतले, आणि फर्मान दिले ते ऐसे: आईस नमस्कार सांगावा, परंतु ही तसबीर बेशेडिग्ट आहे, म्हणजे नुकसान पावलेली आहे. मेजाचे कलम ऐसे कीं नवांची अवस्था एकच असावी. येथे आठांची एक आणि एकाची दुसरी, सबब हा संघ होत नाही. दुसरा कॅचर आणावा, तोवर स्टूल आहेच. आणि स्टुलाकडे हात दाखविला.

पंत उ-बानने, म्हणजे तिथल्या भुयारी गाडीने, घरी निघाले. पहिल्या स्थानकापर्यंत नुसतेच बसून राहिले. दुसऱ्यापाशी डोके तापले. कोण हा क्राउस? सारा जन्म लोकांची तिकिटे फाडली, आणि माझ्या आईच्या कुंकवास नुकसान म्हणतो? त्या बोटाने माझी मुंज जाहली, माझी पहिली सायकल जाहली, या देशात येण्याचे विमानाचे तिकीटसुद्धा देवापुढे ठेवून तिने त्यास बोट लाविले होते, आणि विमानतळावरचा शिपाई त्या डागाकडे पाहत राहिला तेव्हा मी किती ऐटीत उभा होतो. मग तिसरे स्थानक आले, आणि पंतांचे ध्यानी आले कीं, तेच, नासवलंस म्हणोन, क्राउसाचे आधी आपणच बोललो होतो. तो परका, कलमाला धरून बोलला. आपण घरचे, आणि काय बोललो? तेव्हा पंतांस लाज वाटली, आणि गाडीत कोणी ओळखीचे नाही याचे प्रथमच बरे वाटले.

घरी येऊन पंतांनी बूट काढिले, कपाट उघडले, आठ शिलेदार पाकिटांतून बाहेर घेतले आणि चौरंगावर ओळीने मांडिले. मग मातोश्रींची बॅग उघडून, तळातला करंडा काढून, तयांचे पुढ्यात ठेविला. मातोश्री वाटाणे सोलीत होत्या, त्यांनी वर पाहिले नाही.

"आई, या आठांनाही लाव."

"आणि मागून पुन्हा बोललास तर?"

पंत म्हणाले, नाही बोलणार, आणि परवा बोललो तेही चुकलो. मातोश्रींनी वाटाणे बाजूस सारिले. मग हात धुऊन आल्या, कुंकू कालविले, आणि आठही कपाळी बोट टेकविले. कॅचरचे कुंकू गालावर उतरले होते, तेव्हा पंतांनीच सुचविले कीं यांचेही जरा उतरू दे, आणि कापूस पुढे केला. मातोश्रींनी मन लावून तेही केले. नऊ जण वाळत पडले असता शैलाबाईसाहेब पाहून म्हणाल्या, लग्नाला आलेलं वऱ्हाड दिसतंय, यांना आता जेवायला वाढा. त्यावर मातोश्री हसल्या, आणि तिकिटाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढले गुरुवारी मातोश्रींनी हट्ट धरिला कीं तो तपासनीस एकदा पाहावयाचा आहे. सबब सुती साडी, वर पंतांचा स्वेटर, कानटोपी आणि पायी पांढरे खेळाचे बूट ऐशा पोशाखात स्वारी निघाली. शैलाबाईसाहेबांनी चिवड्याची पुडी बांधून दिली, यावेळी कागदात. गास्टहाउसात शिरताच पंत नऊ शिलेदार घेऊन मेजापाशी गेले आणि ओळीने मांडून उभे राहिले. कोणी बिअर प्यावी कीं नाही, हेही कोणास सुचेना.

क्राउससाहेबांनी भिंग काढिले. पहिला पाहिला, कपाळी तांबडे, गालावर तांबडे. दुसरा पाहिला, तैसाच. तिसरा, चौथा, पाचवा, ऐसे नवव्यापर्यंत गेले, आणि मग उलटे पहिल्यापर्यंत आले. क्राउससाहेबांनी भिंग ठेविले आणि चष्मा काढिला आणि तो पुन्हा लाविला. त्यांचे मनात काय चालले ते देव जाणे. सुंदर तसबिरी जाणूनबुजून रंगविल्या हे पाहून त्यांचे काळीज चरचरले असेल, आणि ते मुखावर दिसतही होते. परंतु मनुष्य कलमाचा. अवस्था चांगलीच पाहिजे ऐसे कलम नव्हते, एकच पाहिजे ऐसे होते. सारा जन्म ज्याने एकाही प्रवाशास नियमाबाहेर उतरविले नाही, तो आता कैसा उतरविणार? अखेरीस मान डोलवून ते "गेनाऊ" बोलिले, म्हणजे बरोबर आहे, आणि फर्मान सुटले कीं, नवांची अवस्था एकच आहे, संघ पुरा आहे, शरदचंद्रांस खुर्ची द्यावी. मग मालकाने आतून नवी खुर्ची आणिली, खिळ्याने नाव कोरून पाठीवर पट्टी ठोकली, आणि ती भिंतीकडे, हीटरचे शेजारी मांडिली. साऱ्यांनी पेले उंचाविले, आणि एकाने स्टूल मिटून कोपऱ्यात ठेविले.

पंत एकेकाचा हात हाती घेत, आभार मानीत, मेजाला वळसा घालून खुर्चीपाशी पोहोचले, तो खुर्ची रिकामी नव्हती. थंडीने गारठलेल्या मातोश्री हीटरची ऊब पाहून केव्हाच तीवर बसल्या होत्या, कानटोपी काढून मांडीवर ठेविली होती, आणि क्राउससाहेबांस चिवड्यातले शेंगदाणे निवडून देत होत्या. मेजावर एकही मनुष्य खोकला नाही. पंत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आपल्या नावाची पट्टी झाकून, मागे उभे राहिले. सांज सरेपर्यंत उभेच होते, आणि तयांस पाय दुखल्याचे कळले नाही.

येणेप्रमाणे सर्वजित संवत्सरी, आश्विन मासी, गुरुवारी, फ्युर्थ मुक्कामी मोहीम फत्ते जाहली. नऊ शिलेदार कुंकवानिशी मेजाचे दप्तरी दाखल जाहले. खुर्ची राजश्री शरदचंद्रपंतांचे नावे कायम जाहली. तीवर मातोश्री बसल्या. नोंद समाप्त.